स्टे मिळाला, जेसीबी फिरला, आणि कोर्टाने मलाच खाली बसवलं

पत्र (थोडं कापून देतोय, नावगाव काढलंय):

काका नमस्कार. सातारा जिल्ह्यातनं लिहितोय. आमच्या आणि चुलत भावाच्या रानात सामाईक बांध आहे, तो दरवर्षी कोरत कोरत आत येतोय. मी तालुक्याच्या कोर्टात दावा टाकला, निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, 'जैसे थे' चा हुकूम मिळाला. तीन आठवड्यांनी त्यानं जेसीबी आणून बांध पार सपाट केला. पोलिसात गेलो तर म्हणाले दिवाणी मॅटर आहे. मग मी माणसं लावून बांध परत घातला. तारखेला सगळं सांगायचं म्हणून कोर्टात गेलो तर पुढची तारीख पडली, माझा तोल गेला आणि मी मोठ्यानं बोललो की इथं पैसेवाल्याचंच चालतं. साहेबांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, माफीनामा लिहून घेतला, परत असं केलंस तर आत टाकीन म्हणाले. त्या रात्री रागात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की जज मॅनेज झालाय. आता भावाचा वकील म्हणतो तुझ्यावर कंटेम्प्ट लावतो. हुकूम मोडला त्यानं आणि कंटेम्प्ट माझ्यावर कसा? तालुक्याच्या जजला जेलात टाकायची पॉवर असते का, असेल तर भावाला का नाही टाकलं? दिल्लीच्या त्या मोठ्या वकिलाला तर एक रुपया दंड झाला होता, मग मला काय होणार? आणि आई म्हणते पुढच्या तारखेला मी पण येते, तिला आत बसू देतील का?
– बांधाला वैतागलेला

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची बाजू पटली. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकलो, "मग मी माणसं लावून बांध परत घातला". ही ओळ तुम्ही अशी लिहिलीय की जणू टपरीवर जाऊन चहा घेऊन आलात, पण अख्ख्या पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त जड जाणारी ओळ तीच आहे, व्हॉट्सॲपपेक्षाही. तिच्याकडे येतो, आधी जेलचं बघू, कारण तुमचं डोकं तिथं अडकलंय आणि ते सुटल्याशिवाय पुढचं काही ऐकणार नाही तुम्ही. मी बेंच क्लार्क म्हणून साहेबांच्या पुढ्यात बसून वर्षानुवर्षं हेच बघितलंय, पक्षकाराला कायदा कमी माहिती असतो असं नाही, त्याला भलताच माहिती असतो.

तालुक्याचे साहेब म्हणजे एका खुर्चीत दोन माणसं बसलेली असतात. बोर्डवर पदनाम वाचलंय का कधी? दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. सकाळी मारामारीची, चेक बाऊन्सची, पोटगीची प्रकरणं चालवतात ते दंडाधिकारी म्हणून, आणि तुमचा बांधाचा दावा चालवतात तो दिवाणी न्यायाधीश म्हणून. दंडाधिकारी म्हणून त्यांना गुन्हा शाबीत झाल्यावर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड करता येतो (१ जुलै २०२४ ला नवीन कायदे आले त्याआधी दंडाची मर्यादा १० हजार होती), वॉरंट काढता येतं, रिमांड देता येतो, पोटगी थकवणाऱ्या नवऱ्याला थकलेल्या महिन्यांसाठी आत बसवता येतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कारण नसताना उत्तरच देत नसेल तर त्याला सात दिवसांपर्यंत साधी कैद देता येते, हे तर कित्येक वकिलांच्या पण लक्षात नसतं. म्हणजे जेलात टाकायची पॉवर असते का, तर असते की. पण ती ज्या त्या कलमाच्या दावणीला बांधलेली असते, साहेबांना राग आला म्हणून सुटत नाही.

आणि ज्याला तुम्ही, भावाचा वकील आणि टीव्हीवरचे सगळे कंटेम्प्ट म्हणता, जुनी माणसं कोर्टाची बेअदबी म्हणायची, ती पॉवर तालुक्याच्या कोर्टाला नाहीच. १९७१ चा न्यायालय अवमान कायदा आहे, त्याखाली शिक्षा करायचा अधिकार हायकोर्टाला आणि सुप्रीम कोर्टाला. तालुका कोर्टाचा अवमान झाला तरी शिक्षा हायकोर्ट करतं, जिल्हा न्यायाधीशसुद्धा करत नाही. हे ऐकलं की लोक म्हणतात मग खालचं कोर्ट बिनदाताचं झालं! तसं नाही. त्याचे दात वेगळ्या कायद्यांत आहेत आणि तुमच्या कामाचे नेमके तेच आहेत.

तुमच्या त्या संध्याकाळचं आधी सांगतो. कोर्टाचं काम चालू असताना साहेबांचा मुद्दाम अपमान करणं किंवा कामात व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ चा गुन्हा आहे (जुनं आयपीसी २२८). आणि तो कोर्टाच्या डोळ्यांदेखत घडला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनं सीआरपीसी) ३८४ कलमाने तेच कोर्ट, दिवाणी असो फौजदारी असो अगदी महसुली असो, त्या माणसाला तिथंच थांबवून ठेवू शकतं आणि त्याच दिवशी कोर्ट उठायच्या आत निकाल लावू शकतं. दंड एक हजारापर्यंत, नाही भरला तर एक महिन्यापर्यंत साधी कैद. आधी हाच दंड दोनशे रुपये होता. तर तुम्हाला संध्याकाळपर्यंत बसवलं ते मनात आलं म्हणून नव्हे, कलमातच कोर्ट उठायच्या वेळेची हद्द घातलीय. पण त्यातही साहेबांवर बंधनं आहेत बरं का, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायला लागते, काय घडलं, तुम्ही काय बोललात, तेव्हा कुठलं काम कुठल्या टप्प्यावर चालू होतं हे सगळं लेखी नोंदवायला लागतं, आणि दंड झाला असता तर त्यावर तुम्हाला अपील पण करता आलं असतं. माफी मागितली तर सोडून द्यायची मुभा त्याच कायद्यात आहे, आणि तुमच्या साहेबांनी ती वापरली. खरं सांगू का, चांगला साहेब भेटला तुम्हाला.

"परत केलंस तर आत टाकीन" याचा अर्थ काय तर साहेबांना वाटलं की हजार रुपयात भागण्यासारखं नाही, तर ते सगळा प्रकार लिहून दुसऱ्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकतात आणि तिथं रीतसर केस चालते, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःसमोर झालेल्या अपमानाची पूर्ण केस त्याच साहेबांनी चालवायची नाही असा दंडक आहे. तेव्हा "आत टाकीन" हे बोलण्यातलं झालं, कागदावरचा रस्ता लांबचा आहे. तरी पण परत ओरडू नका, रस्ता लांबचा असला म्हणून कुणी त्यावर चालत नाही असं नाही. आणि एक काम करा, त्या दिवसाच्या रोजनाम्याची, म्हणजे त्या तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल काढा. माफी घेऊन सोडलं असं लिहिलं असेल तर तो विषय तिथं मिटला.

आता भाऊ. भावाला का नाही टाकलं?

मी तुम्हाला उलट विचारतो, तुम्ही अर्ज दिलाय का? पत्रात सगळं आहे, जेसीबी आहे, पोलीस आहेत, साहेब आहेत, पण "मी अर्ज दिला" हे तीन शब्द कुठं नाहीत. तुम्ही गृहीत धरलंय की हुकूम मोडला हे साहेबांना कळलं की ते स्वतःहून बेलिफ पाठवून भावाला धरून आणतील. दिवाणी कोर्ट असं चालत नाही. साहेबांच्या समोर त्या दिवशी बोर्डावर चाळीस पन्नास कामं असतात, तुमचा पुकारा झाला, समोरच्यानं म्हणणं द्यायला मुदत मागितली, मुदत दिली, संपलं. तुमचा बांध सपाट झालाय हे त्या फायलीतल्या कुठल्याच कागदावर नसेल तर साहेबांच्या दृष्टीनं तो अजून जागेवर आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ३९ नियम २ए म्हणून एक आहे, वकील लोक नुसतं "टू-ए" म्हणतात. तात्पुरता मनाई हुकूम मोडला की तो हुकूम देणारं कोर्टच, म्हणजे तुमचे तालुक्याचे साहेबच, मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकतात आणि शिवाय त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकतात. जप्ती एक वर्षापर्यंत, तरी ऐकत नसेल तर जप्त मालमत्ता विकून त्यातनं तुम्हाला नुकसानभरपाई. 'जैसे थे' चा हुकूम मोडला तरी हेच लागू. हे आहेत ते दात. पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, शपथपत्र लागतं, समोरच्याला नोटीस जाते, पुरावा होतो, कारण यात माणसाला कैद होऊ शकते म्हणून कोर्ट पुरावा चाळणीतनं काढून बघतं. मोघम "त्यानं बांध काढला" चालत नाही. कुठल्या तारखेला, गट नंबर काय, कुठल्या बाजूचा बांध, किती लांबीचा, जेसीबी कुणाचा, बघणारे कोण. फोटो-व्हिडिओ असतील तर मूळ फोन जपून ठेवा, मेमरी भरली म्हणून डिलीट मारू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं प्रमाणपत्र वकिलाकडनं नीट करून घ्या.

अर्ज द्यायच्या आधी फायलीत दोन गोष्टी बघा, यात भल्याभल्यांची विकेट पडते. समोरच्याला न ऐकता दिलेला तूर्तातूर्त हुकूम बऱ्याचदा "पुढील तारखेपर्यंत" असा असतो. मग पुढच्या तारखेला तो वाढवून घ्यायला लागतो. वकील दुसऱ्या कोर्टात असतात, ज्युनियर नुसती तारीख घेऊन येतो, हुकूम वाढवल्याची ओळ रोजनाम्यात पडत नाही, आणि घरी आपण समजतो की आपला स्टे चालू आहे. जेसीबी फिरला त्या दिवशी हुकूम जिवंत होता का, ते बघा. दुसरं, हुकूम त्याच्यापर्यंत पोचला होता का? न ऐकता हुकूम मिळाला की अर्जाची, दाव्याची सगळी प्रत समोरच्याला लगेच पाठवायची आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. बेलिफाचा बजावणी अहवाल बघा, भावानं घेतला का, नाकारला का, घराला डकवला का. "मला माहितीच नव्हतं" हा टू-ए मधला सगळ्यात लाडका बचाव आहे, आणि कधी कधी तो खरा पण असतो. केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखा आणि रोजचं काम दिसतं, पण त्यावर विसंबू नका, नक्कल अर्ज टाकून कागद हातात घ्या.

आता ती ओळ.

'जैसे थे' म्हणजे कुणासाठी जैसे थे? लोकांना वाटतं दावा मी टाकला, हुकूम मला मिळाला, म्हणजे तो समोरच्यावर. मनाई हुकूम असता, की प्रतिवादीनं बांधाला हात लावायचा नाही, तर गोष्ट थोडी वेगळी. पण जैसे थे असेल तर साधारणपणे दोघांनीही हलायचं नाही. हुकुमाची भाषा परत वाचा, "उभय पक्षांनी" असा शब्द आहे का बघा. असेल तर भावानं बांध काढला तो पहिला मोडला, आणि तुम्ही स्वतःच्या अकलेनं परत घातला तो दुसरा मोडला, भावाचा वकील हेच म्हणणार, वर हे पण म्हणणार की बांध मूळच्या जागी घातलाच नाही, आमच्याकडं दोन फूट सरकवला. आणि मूळची जागा कुठली हे सांगायला आता जमिनीवर काही राहिलंच नाही! जेसीबीच्या खुणा तुम्हीच तुमच्या माणसांकडनं मिटवून टाकल्यात. पुरावा होता तो हो.

आपल्या मुंबई हायकोर्टानं ऑर्डर ३९ ला एक जादा नियम जोडलाय, नियम ११. महाराष्ट्रात हा लागू आहे आणि पक्षकाराला कुणी सांगत नाही. चालू दाव्यात कोर्टानं दिलेला हुकूम किंवा कोर्टाला दिलेली हमी प्रतिवादीनं मोडली तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकू शकतं, आणि वादीनं मोडली तर त्याचा दावाच काढून टाकू शकतं. वादी म्हणजे तुम्ही. पुरेसं कारण दाखवलं तर परत लावून घेता येतं, पण तिथपर्यंत वेळ का आणायची? माझा अंदाज विचाराल तर भावाचा वकील व्हॉट्सॲपचं भूत दाखवतोय ते तुम्ही घाबरून बसावं म्हणून, खरा डाव तो इथं टाकेल.

मग करायचं काय. टू-ए च्या अर्जात हे लपवू नका. सरळ लिहा की अमुक तारखेला प्रतिवादीनं बांध काढला, पोलिसांनी दाद दिली नाही, पाणी शेतात शिरून माती वाहून जायला लागली म्हणून (खरंच तसं असेल तरच लिहा) आम्ही तात्पुरता बांध घातला, कोर्ट म्हणेल तर काढायला तयार आहोत. स्वतः सांगितलेली चूक आणि समोरच्यानं उलटतपासात काढलेली चूक, यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. त्याच्याबरोबर कोर्ट कमिशनचा अर्ज द्या, म्हणजे कोर्टानं माणूस नेमून जागेची पाहणी-मोजणी करावी असा. बांधाच्या केसमध्ये तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडनं मोजणी होऊन नकाशा कोर्टात आला की निम्मी भांडणं तिथंच विझतात, कारण मग "आमच्या आजोबापासून" ला कुणी विचारत नाही. आणि पोलिसांसाठी वेगळा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली, की हुकुमाच्या अंमलबजावणीला पोलीस मदत मिळावी. पोलीस तुम्हाला दिवाणी मॅटर म्हणाले ते त्यांच्या परीनं चुकीचं नाही, त्यांच्या हातात तुमच्या स्टेची झेरॉक्स होती, त्यांना उद्देशून काढलेला हुकूम नव्हता. तसा हुकूम आणून त्यांच्या हातात ठेवा, मग त्यांना दिवाणी मॅटर म्हणता येणार नाही. बांध पूर्वी होता तसा करून द्या असा हुकूम पण साहेब देऊ शकतात, तो मागा आणि मग घाला बांध, ढोल लावून घाला.

टू-ए चा अर्ज फेटाळला किंवा निशाणी ५ च विरोधात गेली तर जिल्हा कोर्टात अपील आहे, तीस दिवसांत. कुणी तरी तुम्हाला सांगेल की हे तालुक्याचं सोडा, थेट कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं कंटेम्प्ट टाकू. हुकूम मुद्दाम मोडणं हा दिवाणी अवमान आहे हे खरंय, पण हायकोर्ट बहुतेक वेळा विचारतं की खाली टू-ए असताना इथं कशाला आलात. तिथवर जाऊन यायचं भाडं आणि वकिलाची फी घालवून तेच ऐकायचं असेल तर तुमची मर्जी.

व्हॉट्सॲपचं. भावाच्या वकिलाला कंटेम्प्ट "लावता" येत नाही, हे पहिलं डोक्यात घ्या. खालच्या कोर्टाची बदनामी केली म्हणून फौजदारी अवमान हायकोर्टापुढं जायला कायद्यात दोन रस्ते, एक तर ते कोर्टच हायकोर्टाला संदर्भ पाठवतं, म्हणजे सगळा प्रकार लेखी कळवतं, नाहीतर राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सगळ्यात वरचे वकील, प्रस्ताव आणतात. तिथं ते दोन न्यायमूर्तींपुढं चालतं, घटनेपासून एक वर्षाच्या आत सुरू व्हायला लागतं, आणि न्यायाच्या कामात खरोखर मोठा अडथळा येण्यासारखं असेल तरच शिक्षा द्यायची असंही कायदा सांगतो. शिक्षेची कमाल हद्द सहा महिने साधी कैद, दोन हजार दंड. वकील काय करू शकतो तर तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडून साहेबांपुढं ठेवू शकतो. आणि ज्या साहेबांनी तुम्हाला त्याच दिवशी माफी देऊन सोडलं, त्यांनी रात्रीचा तो मेसेज वाचला तर त्यांना काय वाटेल याचा विचार तुम्ही करा. संदर्भ पाठवायचा की नाही हे शेवटी त्यांच्या हातात आहे.

एक रुपयाचं म्हणाल तर तो ऑगस्ट २०२० चा सुप्रीम कोर्टाचा हुकूम, प्रशांत भूषण यांचा. लोकांना रुपया लक्षात राहिला, पुढचं वाक्य नाही राहिलं, रुपया भरला नाही तर तीन महिने कैद आणि तीन वर्षं सुप्रीम कोर्टात वकिली बंद. त्यांनी रुपया भरला. ते नावाजलेले वकील, दोन ट्वीटचं प्रकरण, देशभरातून लोक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तुमच्या बाजूला ग्रुपवरचे दोन अंगठे आणि एक हसणारा चेहरा.

याच मुंबई हायकोर्टात गांधीजींवर पण बेअदबीचं प्रकरण झालंय, आणि गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी एक जिल्हा न्यायाधीशच होते. १९१९ मध्ये अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांबद्दल हायकोर्टाला पत्र लिहिलं, ते गांधीजींनी 'यंग इंडिया'त छापलं आणि त्यावर टीका पण छापली. हायकोर्ट म्हणालं माफी मागा. ते म्हणाले नाही मागणार, शिक्षा द्या भोगतो. १९२० मध्ये हायकोर्टानं त्यांना आणि महादेवभाई देसाईंना कडक समज देऊन सोडलं. आमच्या ऑफिसात एक जण हा किस्सा प्रत्येक पक्षकाराला सांगायचा आणि वर म्हणायचा, गांधीजींना माहिती होतं आपण काय छापलंय आणि का, तुम्हाला माहितीय का तुम्ही काय लिहिलंय? तेच मी विचारतो. मॅनेज झालाय म्हणजे काय, कुणी केला, कधी, किती दिले, बघितलं कुणी? तुमच्याकडं तारीख पडल्याच्या रागाशिवाय काही नाही, हे तुम्हालाही माहितीय.

तेव्हा मेसेज काढा, काढून झाल्यावर त्याच ग्रुपवर साधं लिहा की मी रागाच्या भरात कोर्टाबद्दल चुकीचं लिहिलं होतं, त्याला काही आधार नव्हता, माफ करा. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असलं पुढाऱ्यांचं नको. कायदा म्हणतो की मनापासूनची माफी असेल तर नुसती ती अटी घालून मागितलीय म्हणून नाकारायची नाही, पण तुम्ही कशाला अटी घालता, मागा की सरळ. वकिलाला हे सगळं आधी सांगा, समोरच्याकडनं कळण्याआधी.

आणि समजा उद्या खरंच काही हाताला लागलं, तर ग्रुप ही जागा नाही, पण तोंड बांधून बसा असंही नाही. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल हायकोर्टाकडं सद्हेतूनं केलेली तक्रार अवमान होत नाही, हे १९७१ च्या कायद्याच्या सहाव्या कलमातच आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडं जा, नाहीतर हायकोर्टाच्या निबंधकांकडं, नावानिशी, शपथपत्रावर, तपासता येईल असं काहीतरी जोडून. या साहेबांपुढं न्याय मिळणार नाही असं सकारण वाटत असेल तर दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करा असा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडं देता येतो. अवमान साहेबांकडनं पण होऊ शकतो, म्हणजे न्यायाधीशानं कोर्टाचा अवमान केला तर त्यालाही तोच कायदा लागू, सोळावं कलम बघा. निकालावर टीका तर खुशाल करा, पण प्रकरण ऐकून पूर्ण निकाली निघाल्यावर, आणि निकालावर करा, साहेबांच्या खिशावर नको. तुमचं अजून निशाणी ५ वर आहे.

तारखेच्या रागाबद्दल एवढंच की कायद्यात एका पक्षाला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं लिहिलंय आणि उशीर करणाऱ्याला खर्च लावायची सोय पण आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही बघताय, मी पण बघितलंय, त्यावर गोड बोलत नाही. पण भावाच्या वकिलानं मुदत मागितली की तुमच्या वकिलानं उभं राहून खर्च मागायचा, दर वेळेला मागायचा, आणि तो मागितल्याचं रोजनाम्यात आलं पाहिजे. ओरडून जे होत नाही ते या दोन ओळींनी कधी कधी होतं.

आईला आणा की. कोर्ट उघडं असतं, कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं, कुणाची परवानगी नको. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी आहे त्यामुळं त्यांना बरंचसं कळेल पण. पाण्याची बाटली द्या बरोबर, गोळ्या असतील तर त्या, कारण पुकारा कधी होईल सांगता येत नाही. दोघांचे पण मोबाईल बंद करून ठेवा, सायलेंटवर नाही, बंद. शूटिंग तर अजिबात नको. आणि त्यांना एवढं समजावून आणा की साहेब दिसले म्हणून मधेच उठून "साहेब माझ्या पोराचं ऐका" करायचं नाही, मी दोन-तीनदा बघितलंय, आयांना ते राहवत नाही. तुमचा पुकारा झाला की तुम्ही उठा, त्यांना बसूनच राहू द्या.